सात नग आणि एक कटर

३ तारीख, सोमवार. सकाळी ६.१०
पंधरा तारखेला सासूबाईंकडे जायचं आहे. बसने, सहा तास, मोठी (वय सहा वर्षं) आणि धाकटा (वय दहा महिने) यांच्यासह. खुब्याच्या ऑपरेशनमुळे सासूबाईंचा प्रवास बंद, त्यामुळे त्यांनी धाकट्याला अजून फोनवरच पाहिलंय. मागच्या वेळी मी छत्री आणायला परत वर गेलो आणि बस गेली. तेवढं एक निमित्त धरून बायकोने काल जाहीर केलं, की या खेपेला घोळ झाला तर यापुढे ती पोरांना घेऊन एकटी जाईल, मी खुशाल छत्री सांभाळत बसावं.
मनाला लागलं. पंपांच्या कारखान्यात चौदा वर्षं स्टोअर सांभाळतोय. अठरा हजार सुटे भाग, एक वॉशर इकडचा तिकडे होत नाही. दोन पोरांचं सामान म्हणजे डाव्या हातचा मळ.
संकल्प: सामान माझ्याकडे. हिने बोटही लावायचं नाही.

५ तारीख, बुधवार. जेवणाची सुट्टी
यादी तयार. एकशे बेचाळीस वस्तू. हिने वाचली आणि इतकंच म्हणाली, की डब्याचं झाकण राहिलं. धाकटा त्या झाकणाशी दोन दोन तास खेळतो म्हणे. मी सांगितलं, झाकण हे प्रवासी साहित्यात बसत नाही.

९ तारीख, रविवार
खरेदी. दुकानातल्या बाईंनी विचारलं, मुलं किती. दोन म्हटल्यावर त्यांनी यादी पुन्हा वाचली. म्हणाल्या, बाळाला अंगाशी बांधायची एक झोळी घ्या, खांद्याला एक पिशवी, आणि हात मोकळे ठेवा, पोरं बरोबर असली की हातच लागतात. आपल्याच गिऱ्हाइकाला कमी माल घ्यायला सांगतात! धंदा कळत नाही बिचाऱ्यांना.
घेतलं ते: एका हाताने मिटणारी बाबागाडी, घडीचा पॉट, घडीची खुर्ची, घडीचा टब, बाटली गरम ठेवणारी पिशवी. झोळी नाही घेतली. अडाणी प्रकार.

१२ तारीख, बुधवार. संध्याकाळी ६
बाबागाडी मिटवण्याचा सराव, घड्याळ लावून. पहिल्यांदा चार मिनिटं. सहाव्यांदा एकवीस सेकंद. सातव्यांदा बोट अडकलं. आमच्या हॉलची फरशी जरा उतरती आहे, हे हिला दाखवून दिलं. ही म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मोठी खो खो हसली. मुलांसमोर असं बोलू नये, हे हिला शांतपणे सांगायचं ठरवलं.
(सांगितलं. शांत फक्त मी होतो.)

१४ तारीख, शुक्रवार. संध्याकाळी ७
पॅकिंग पूर्ण. सात नग. प्रत्येकाला नंबरचा टॅग आणि चेनला कारखान्यातलं प्लास्टिकचं सील (साहेबांना विचारून आणली). एकदा ओढलं की लॉक, कटरशिवाय निघत नाही. आमचे ट्रक असेच जातात. वाटेत पडणं, हरवणं, मोठीने उपसणं, सगळं बंद!
मोठीने विचारलं, मग उघडायचं कशाने. पोरगी हुशार, माझ्यावर गेली आहे. सांगितलं, कटर घेतलाय ना, नग चारमध्ये, जागच्या जागी. ती बराच वेळ नग चारकडे बघत राहिली.
ही आपल्या खांद्याच्या पिशवीत काहीबाही कोंबत होती. पिशवी यादीत नाही. कानाडोळा केला.

१५ तारीख, शनिवार. सकाळी ८.२०, बसमध्ये
बस मिळाली! अकरा मिनिटं आधी! हिला नुसतं घड्याळ दाखवलं. तीन नग डिकीत, दोन पायाशी, दोन मांडीवर. बाबागाडी ऐन वेळी मिटेना. कंडक्टरने एका लाथेत मिटवली. वेळ: एक सेकंद. तंत्र शिकून घेणे.

९.०५
धाकटा रडतोय. बाटली नग पाचमध्ये. सील आहे. कटर नग चारमध्ये. सील आहे.

९.१०
दातांनी करून पाहिलं. माल उत्तम आहे, साहेबांना कळवणे.

९.१५
मागच्या सीटवरच्या आजोबांनी नेलकटर दिला. नेलकटर तुटला. आजोबा आता खिडकीबाहेर बघत आहेत.

९.२०
हिने खांद्याच्या पिशवीतून बाटली काढली. मग दुपटं. मग झाकण. धाकटा झाकण वाजवतोय, अख्खी बस ऐकतेय.

१०.४०
बस थांबली तेव्हा मोठीला शू लागली होती. मला उठता येईना, मांडीवर दोन नग. धाकट्याला कडेवर घेऊन हीच तिला उतरवून घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होतो. जरा वाईट वाटलं. खरं म्हणजे चांगलंच वाईट वाटलं.

१६ तारीख, रविवार. दुपारी
सासूबाईंनी धाकट्याला मांडीवर घेतलं ते तासभर खाली ठेवलं नाही. रडत होत्या आणि हसतही होत्या. मलाही भरून आलं.
सीलं स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली. सात नगांतून आत्तापर्यंत वापरलं ते: मोजे. तरी एकशे बेचाळीसपैकी एकही वस्तू हरवली नाही, हे मी सासूबाईंच्या नजरेला आणून दिलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, हरवायला आधी बाहेर तर यायला हवी.
संकल्प: परतताना कटर खिशात.

१८ तारीख, मंगळवार. सकाळी ११, बसस्टँड
परतीचं सगळं हिने ठरवलं. पोरांना घेऊन एकटीच नऊच्या बसने गेली. धाकटा दुपट्याच्या झोळीत, खांद्याला पिशवी, मोठीचं बोट हातात. रागाने नाही, हसतच म्हणाली, तू सामान घेऊन मागच्या बसने ये, आणि घरी आलास की हात रिकामे कर, धाकट्याला घ्यायचंय. म्हणजे वरातीमागून घोडं. घोड्यावर सात नग.
निघताना मोठीने माझ्या मनगटाला टॅग बांधला. अक्षर तिचं: 'नग ८. बाबा. सांभाळून आणणे.' टॅग सुटू नये म्हणून वरून सीलही ओढलं. शिकवण माझीच.
साडेअकराच्या बसचा कंडक्टर टॅग वाचून विचारतोय, तुम्हाला डिकीत टाकू की सीट देऊ. म्हटलं, थांबा, आधी हे कापतो. खिसे तपासले. नग पहाटेच पॅक करून सील केले होते, सवयीने.
कटर नग चारमध्ये आहे. जागच्या जागी.