इंजिन नसलेल्या जीपचं पीयूसी

तीर्थरूप सुंदरराव दाजी यांना, तलवाडा मुक्कामी, लिंबागणेशहून बंकटचा दंडवत. आपला गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, ते कळवावं. तुमच्याकडं कापूस बरा आहे असं ऐकतो. आमच्याकडचं न विचारलेलंच बरं. तुळजाक्काला नमस्कार.

मध्यंतरी आपण फोनवर रागावून विचारलंत, "एवढ्या मोठ्या माणसाकडं तुझ्यासाठी शब्द टाकला, अन् तू भेटायलाच गेला न्हाईस, कावून?" रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला. रेंज होती, पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितो. पूर्ण वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

आपल्याला ठाऊकच आहे, बीड–लिंबागणेश माझी काळीपिवळी जीप एकवीस वर्षं चालतेय. यंदा शहरातला धूर कमी करायचा म्हणून वाहतुकीचा नवा आराखडा करायला समिती बसली. त्यात लिहिलं होतं, पंधरा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांनी गावात यायचं नाही, बायपासला थांबायचं. (मी आधी आपल्याला फोन केला तो ह्याच्यासाठीच. तुमच्या ओळखीच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं तर माझी एक जीप सुटेल, असं वाटलं.) आम्ही चाळीस ड्रायव्हर स्टँडवर जमलो. समितीपुढं आमचं म्हणणं मांडायला माणूस पाहिजे होता. माझा आवाज मोठा म्हणून मला निवडलं. बुद्धीचा विषय कुणी काढला नाही. घोषणा द्यायला म्हाळूला बरोबर घेतलं.

म्हाळू कोण, ते सांगतो. माळावर मेंढरं राखायचा. एका साली रोगानं सगळी मेंढरं गेली, तसा तो स्टँडवर आला आणि आमच्या गाड्यांसाठी "लिंबागणेश, लिंबागणेश" ओरडून पाशिंजर गोळा करू लागला. ह्याला एकोणीस वर्षं झाली. माळावरून मेंढरं वळवणारा गळा तो. एकदा नेकनूरला निघालेला पाहुणा त्याच्या नुसत्या हाळीनं आमच्याकडं येऊन उतरला. (आणि दोन दिवस राहिला.)

समितीत रोहिणी मॅडम म्हणून इंजिनियर आहेत, आमच्या लेकीच्या, मोहिनीच्याच वयाच्या. मी उभा राहिलो आणि अकरा वर्षांचे पीयूसीचे कागद टेबलावर ठेवले. म्हटलं, आमच्या गाड्या धूर सोडतात म्हणता, हे बघा, सरकारमान्य कागद बोलतोय. मॅडमनं वरचा कागद उचलला, तारीख वाचली आणि विचारलं, "काका, ह्या दिवशी जीप कुठं होती?"

माझा प्रामाणिकपणा दिसावा म्हणून मी लगेच सांगितलं, "पप्पू मिस्त्रीकडं. दीड महिना तिथंच होती. इंजिन खाली उतरवलं होतं."

हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडं बघू लागली. (मला वाटलं, माझ्या स्मरणशक्तीचं कौतुक चाललंय.) दाजी, आपल्यापासून काय लपवायचं, गाडी तपासायला आम्ही कुणी नेतच नाही. एका टपरीवाल्याला मोबाईलवर नंबर प्लेटचा फोटो पाठवायचा, कागद घरी येतो. त्या साली दगडांवर चढवलेल्या जीपचा फोटो गेला आणि धूर मर्यादेत असल्याचा कागद आला. इंजिनच नव्हतं, तेव्हा अकरा कागदांतला तेवढा एक खरा म्हणायचा.

आमचेच ड्रायव्हर हसायला लागले. अब्रू वाचवायला मी म्हाळूला खूण केली. तो उठला, मूठ वर केली, "आमच्या पोटावर" एवढं म्हणाला आणि त्याला खोकला आला. तो थांबेचना. माणूस खुर्चीला धरून वाकला, डोळ्यांतून पाणी आलं, पण श्वास येईना. मॅडम जागेवरून उठून त्याच्याजवळ खाली येऊन बसल्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बाबा, दिवसभर कुठं बसता?"

"गाडीच्या मागं. तितं सावली असतीय."

"गाडी चालू असते?"

"व्हय. बंकटची बंद केली की पुना चालू व्हत न्हाई."

दाजी, ती सावली माझ्या जीपची होती. दोन वर्षं मी त्याचा खोकला ऐकत होतो आणि खडीसाखर चघळ म्हणून सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "विड्या किती ओढता?" म्हाळूच्या आधी मीच बोललो, "एकबी न्हाई, साहेब. माझी जीप वढतीय, अन् ह्यो मागं बसतुय." त्याच सकाळी दहा वाजता तुमच्या साहेबांनी मला बोलावलं होतं. मी का गेलो नाही, ते आता कळलं असेल.

तिथून निघालो तो जीप घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा, खऱ्या तपासणीला गेलो. सायलेन्सरमध्ये नळी घातली, मी पाय दाबला. धुराची हद्द पासष्टची, आकडा ब्याण्णव. तपासणारा तोंडाला रुमाल लावून म्हणाला, "बंद करा काका." मी बंद केली. मग तिघांनी ढकलून ती बाहेर काढली.

पुढच्या बैठकीला मी सांगितलं, जुन्या गाड्या बायपासलाच थांबू द्या, माझी सगळ्यांत आधी. पण दुधाचे कॅन घेतलेल्या बायांनी आणि पेशंटनी तिथून चालत जायचं का? आधी बॅटरीच्या रिक्षा आणा, मग आम्हाला अडवा. उभ्या गाडीचं इंजिन बंद पाहिजे. आणि गाडी समोर असल्याशिवाय कागद द्यायचा नाही. मॅडमनं ते लिहून घेतलं. इतिवृत्तात छापून आलं: 'वाहन इंजिनासह हजर असावे.' दाजी, सरकारी कागदात माझं योगदान तेवढंच.

आमच्या संघटनेचे बबनराव मला भर स्टँडवर फितूर म्हणाले. वीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस तो, अजून बोलत नाही. ते लागतं. रिक्षा आठ आल्या, एक मी चालवतो. तिला आवाजच नाही, त्यामुळं ती आल्याचं कुणाला कळत नाही. मलाच ओरडावं लागतं, आणि दुपारपर्यंत माझा गळा बसतो. म्हाळू माळावर परत गेला, चार शेळ्या आहेत. फुप्फुस गेलं ते गेलं, डॉक्टरनं साफ सांगितलं. सोमवारी मी जाऊन येतो. मला एका शब्दानं दोष देत नाही. उलट विचारतो, "जीप बरी हाय न्हवं?" ह्याच्यापेक्षा त्यानं शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

साहेबांना माझा नमस्कार सांगा आणि माझं काम राहू द्या म्हणावं. लोभ आहेच, तो ह्या पत्रानंतरही राहावा.

आपला मेहुणा,
बंकट

ता. क. समितीनं जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांची यादी मागितली होती. पहिला नंबर मी माझ्या जीपचा दिला. दुसरा आपल्या गाडीचा. नारायणगडाला दर्शनाला येताना एसटीनं यावं, ही विनंती.

दुसरा ता. क. आपल्या गाडीचे शेवटचे दोन आकडे मला आठवत नव्हते. अक्काला फोन केला आणि कशाला पाहिजेत तेही खरं सांगितलं. ती म्हणाली, "ल्ही. मागच्या शिटावर बसून बसून माजी छाती भरून येतीय, पर ह्यांची आवडती गाडी हाय म्हनून कदी बोलले न्हाई." दाजी, गाडीचं नंतर बघू. आधी अक्काला घेऊन या.