हात लावू नये

८ एप्रिल, मंगळवार
"आई, मोठी झाले की तुला खरं म्युझियम दाखवीन." रूपा नऊ वर्षांची असताना म्हणाली होती. आज आठवीचे इतिहासाचे पेपर तपासताना आठवलं. एका मुलाने अजिंठा पुणे जिल्ह्यात नेऊन ठेवला होता, त्यावरून असेल.

आठवलं एवढंच. वाईट वगैरे वाटलं नाही. उलट चांगली कल्पना सुचली. बावीस वर्षं इतिहास शिकवते आणि एकही मोठं म्युझियम पाहिलेलं नाही, हे बरोबर नाही. पुण्याला जायचं. एकटीने, तीन दिवस. २८, २९, ३०.

रूपा पुण्यात नोकरी करते, त्याचा याच्याशी संबंध नाही. तीस तारखेला आखाजी आहे (कॅलेंडरवर छापतात ती अक्षय्य तृतीया), हेही कॅलेंडर मिटल्यावर लक्षात आलं.

१० एप्रिल
यादी तयार. सात म्युझियम. निवड भावनेवर करायची नाही, निकषांवर करायची. निकष तीन: ऐतिहासिक महत्त्व, वेळ, अंतर.

आगाखान पॅलेस काढला. लांब पडतो. कॅम्पातलं आदिवासी संग्रहालयही काढलं. माझं माहेर साक्रीचं, तिथल्या टोपल्या आणि फुंकून वाजवायचे तारपे मी लहानपणी आठवडी बाजारात पाहिलेत. कोथरूडमधलं छोट्या रेल्वेचं ठेवलं. रेल्वेत मला रस नाही, पण नवीन विषय शिकायला हवेत.

हे जेवताना यादी बघत होते. म्हणाले, लांब म्हणजे कुठून लांब? मी म्हटलं, एकूणच.

१३ एप्रिल, रविवार
हे दर रविवारी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जातात. पाऊण तास बघतात. मोबाइल घेऊन. मी कधी विचारत नाही, टाकी कशी आहे म्हणून.

आज खाली आल्यावर म्हणाले, मोहिनी, तू तिला एक फोन कर ना. मी म्हटलं, म्युझियमला जायला कुणाची परवानगी लागत नाही.

१५ एप्रिल
इथे फक्त मीच वाचणार, म्हणून एकदाच लिहून टाकते.

दोन वर्षांपूर्वी पाचोऱ्याचं स्थळ होतं. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या. लग्नाला वीस दिवस असताना रूपा म्हणाली, मला नाही करायचं. कारण विचारलं तर म्हणाली, त्याच्याशी बोलताना मी वाक्य आधी मनात तपासून बघते, आई. हे काय कारण झालं? मी फोनवर म्हटलं, मग आखाजीलाही येऊ नकोस.

वर्षभर माहेरी न आलेली लेकसुद्धा आखाजीला येते. येऊ नकोस असं आमच्याकडे कुठली आई म्हणत नाही. मी रागात म्हटलं. राग उतरल्यावर आपोआप रद्द होतं ते. तिला एवढं कळायला हवं.

दोन आखाज्या झाल्या.

१८ एप्रिल
यादी चारवर आणली. माळ्यावरून छोटी बॅग काढताना चपलांचा एक खोका सापडला. आत पुठ्ठ्याचे तुकडे. रूपाचं अक्षर. "आबांचा अडकित्ता, खूप जुना." "पाचोऱ्याचं रेल्वे तिकीट." "सापाची कात (खरी)." आणि एक मोठा: "हात लावू नये. तिकीट एक शेंगदाणा."

जिन्याखालच्या फळीवर तिचं म्युझियम होतं. एका दिवाळीच्या सफाईत ती फळी मीच रिकामी केली. तिच्या आजोबांचा अडकित्ता भंगारात गेला. ती शाळेतून आली, फळीकडे बघितलं आणि हातपाय धुवायला गेली. म्हणजे तिला फारसं वाटलं नसणार. वाटलं असतं तर रडली असती.

पुठ्ठे मात्र तिने जपून ठेवलेले दिसतात. ते का, कळलं नाही.

२२ एप्रिल
रूपाला मेसेज केला. केवळ माहितीसाठी. "पेठेतलं जुन्या वस्तूंचं म्युझियम मंगळवारी उघडं असतं का?" तिथे राहणाऱ्याला विचारणं सोपं.

उत्तर: "गुगलवर बघ."

पंचवीस मिनिटांनी आणखी एक: "असतं."

एकूण संबंध व्यवस्थित आहेत.

२६ एप्रिल
सामान कमीत कमी न्यायचं ठरलं आहे. दोन साड्या, वही, पेन. शिवाय प्रवासात खायला थोडे ज्वारीचे बिबडे, केळीचे वेफर्स, आणि भरताची वांगी तीन किलो.

भागाबाई भांडी घासायला आली, पिशवी उचलून बघितली. म्हणाली, "म्युझियममा बठ्ठा लोके जेवतस का ताई?"

मी म्हटलं, पुण्यात अशी वांगी मिळत नाहीत.

"तू तठे चूल मांडशी का? पोरले भेटाले जाई राहिनी, असं सांग ना."

तिला म्युझियम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना पिशवीत एक हिरव्या मिरच्यांचा पुडा ठेवला. भरताला.

२८ एप्रिल, पुणे
पोचले. लॉज कोथरूडमध्ये घेतलं. तिथे पाणी चांगलं येतं, असं कुठेतरी वाचलं होतं.

रेल्वे म्युझियम पाहिलं. छोटी गाडी फिरून फिरून त्याच स्टेशनात येते. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. सगळे टाळ्या वाजवतात. बाहेर आल्यावर मोकळ्या हवेसाठी चालत निघाले. वीस मिनिटांनी एका सोसायटीच्या गेटसमोर होते. रूपाची निघाली.

वॉचमनने विचारलं, कोणता फ्लॅट? तोंडातून बी-३०४ गेलं. नाव काय सांगू? मी थांबले. त्याने इंटरकॉम हातात घेतला होता. मी म्हटलं, कुरिअर.

इस्त्रीची साडी नेसलेली, चष्म्याची कुरिअर. त्याने टेबलावर जागा केली. मी पिशवी ठेवली आणि निघाले. त्याने मागून विचारलं, सही नको का? नको म्हटलं.

उद्या उरलेली तीनही म्युझियम. सकाळी लवकर.

२९ एप्रिल
पेठेतलं पाहिलं. साडेअकराला पोचले. पाय दुखत होते.

दिवे, कुलपं, पोळपाट, फण्या. लोकांच्या घरातलं नेहमीचं सामान, कुणीतरी फिरून फिरून जमवलेलं. एका कपाटात नुसते अडकित्ते. मोराचे, घोड्याचे. आबांचा शोधला. नव्हता, असणार कसा? त्यांचा साधा होता.

बराच वेळ उभी राहिले असेन. तिथली बाई म्हणाली, मॅडम, बसायला खुर्ची देऊ का? धुळीने डोळ्यांना पाणी येत होतं, तसं तिला सांगितलं.

तेवढ्यात रूपाचा मेसेज. "वांगी मिळाली. बाबांनी पाठवली का कुणाबरोबर?"

मी लिहिलं, "हो."

"थँक्स सांग त्यांना. मिरच्यापण मस्त."

उरलेली दोन म्युझियम रद्द. सगळं एकदम पाहिलं तर लक्षात राहत नाही.

३० एप्रिल, आखाजी
सातांपैकी दोन पाहिली. परतीची गाडी संध्याकाळी आहे. लॉजच्या खिडकीतून एक गुलमोहर दिसतो. आमच्या गल्लीत आत्तापर्यंत माहेरवाशिणींचे झोके बांधले असतील. पितरांची घागर यांनीच भरली. फोनवर म्हणाले, वर खरबूज ठेवायचं की आंबा? आजवर कधी बघितलंच नाही. मग विचारलं, भेटलीस का? मी म्हटलं, मंगळवारी उघडं होतं.

टाकी बघतानाही हे इतके गप्प नसतात.

ती आज घरी असेल की कामावर, मला माहीत नाही. तिच्या घरात काय काय आहे, तेही माहीत नाही. फळी असेल एखादी. काहीतरी मांडलेलं असेल.

मेसेज चार वेळा लिहिला आणि पुसला. पाचव्यांदा इथे लिहून घेते, मग पाठवते. ती नाही म्हणेल. "मीटिंग आहे" असं म्हणेल, किंवा नुसतं "नको". म्हणायचा तिला हक्क आहे. दोन वर्षांपूर्वी तिने एकदा नाही म्हटलं, तेव्हा मी ते ऐकायला हवं होतं.

"रूपा, वांगी बाबांनी नाही, मी आणली. कुरिअर मीच होते. आखाजीला येऊ नकोस म्हणाले होते, ते चुकलं. अडकित्ताही मीच भंगारात दिला, आणि तू रडली नाहीस ते मी बघितलं होतं. गाडी साडेपाचची आहे. तुझं घर बघायला येऊ का, दहा मिनिटं? शेंगदाणा आणते. कशालाही हात लावणार नाही."