शेवटची प्रकरणे

दादा,

काल सत्कारात तू म्हणालास, "धाकटी माझं टायपिंग करायची," म्हणून हे लिहिते आहे.

टायपिंग? प्रत्येक रहस्यकथेत पाच संशयित उभे करून तू अडकायचास आणि माझ्या दारात यायचास. "अगं बाई, आता खुनी कोण ते तूच सांग!" मग शाळेचे पेपर बाजूला ठेवून शेवटचे प्रकरण मी लिहायचे. आता ग्रंथालयाने माझ्याकडे राहिलेली तुझी हस्तलिखिते मागितली, तर आज वहिनीकरवी निरोप धाडलास, "ग्रंथालयाला टाईप केलेल्या प्रतीच दे, हाताने लिहिलेले कागद जाळ." पुरावा नष्ट करणारा कसा पकडला जातो, हे तुझ्या पुस्तकांत मीच लिहिले आहे, विसरलास?

हे पत्र टाकणार नाही. तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तुझी टायपिस्ट

ग्रंथालयाला आज दिले: बावीस कादंबऱ्यांचे हस्तलिखित कागद. प्रत्येकीचे शेवटचे प्रकरण माझ्या अक्षरात. पोच घेतली.