कापूस लागला की 'हो' म्हणा

१२ मार्च, अमरावती
ऑपरेशनले दीड महिना झाला. छाती कमी केली तं खांदे दुखत नाई, पाठ सरळ. बसस्टँडवरच्या पोट्ट्याइले आता समजलं, मले तोंडबी आहे.
फक्त तिथं हात लावला तं समजत नाई. दोन्हीकडं. दातवाल्यानं सुई देल्ल्यावर गाल होते तसं. डॉक्टरनं पयलेच सांगतलं होतं — जाणीव वर्षभरात परत येते, कोणाची येतच नाई. मी हासत सही केली.

१९ मार्च
मैत्रीण प्राजक्ता रूमवर आली तवा तिच्यासमोर कपड्याचा चिमटा तिथंच लावला अन् गाणं म्हटलं. ती किंचाळली. मी लय हासली.
मंग बाथरूमात जाऊन काढला. काढलेलाबी समजला नाई.

४ एप्रिल
प्राजक्ताच्या डब्यात रबरी पाल टाकली होती. तिनं आज रसवंतीवर बदला घेतला — गळ्यातून कुडत्यात बर्फ. सगळे माह्याकडं पाहून राहिले, अन् मी उभीच. पाणी पोटावर आलं तवा वरडली.
प्राजक्ता म्हणे, "लेट चालते का व तुही गाडी?"

११ एप्रिल, अकोला
तपासणी. माय संगं होती. "देवानं देल्लं ते कापू नको, आकांक्षा" — किती भांडली होती मी तिच्याशी! आता कसं सांगू?
डॉक्टरबाई म्हणे, डोये मिटा, कापूस लागला की 'हो' म्हणा. मी फटीतून पायलं. दहापैकी दहा. शाळंतबी असंच पास झाली मी.
मायनं बाईले हात जोडले. बाहेर समोसा खाऊ घातला. म्हणे, "मीच येडी, उगाच भेली."
माहा मी कुत्र्याले टाकला.

२ मे, घरी, चांदूर रेल्वे
माय पाटावर कापूस घेऊन वाती वळत होती. म्हणे, "प्राजक्ताचा फोन आल्ता. चिमट्याचं सांगे हासून हासून."
मंग उठली, दाराले कडी लावली. माह्या डोयावर आपलाच पदर बांधला, दोन पदरी. फट नाई. म्हणे, "वातीचा कापूस लागला की 'हो' म्हण."
मी बसली. वाट पायली. "लाव ना व माय, कवाची बसली मी."
लिहवत नाई.

३ मे
काल कापूस पाटावरच होता. पदर सोडला तं मायचा हात माह्या छातीवर — पुरा तळवा. कवाचा.
'सांगतलं होतं' असं म्हटलं नाई तिनं.