देव एक, सूर एक

२ जानेवारी, सकाळ
नव्या वर्षाचा संकल्प काल करायचा राहिला. कालचा दिवस सॅक्सोफोनवाल्यावर ओरडण्यात गेला. आज करतो. या वर्षी रागवायचं नाही. उठल्यावर देवापुढे बसायचं, मग ट्रम्पेटवर लांब सूर, मग लेखन.
मार्चमध्ये माझ्या बँडला पंचवीस वर्षं होतात. मोठं सभागृह घेतलं आहे. तिथे माझी चार भागांची नवी रचना पहिल्यांदा वाजेल. नाव ‘क्षमा’. जाझमध्ये भक्ती आणायचं काम माझ्या हातून व्हावं अशी वरून योजना दिसते. रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार आहे, वर्तमानपत्राचा समीक्षकही. आयुष्यभर लोकांना नाचवलं, आता बसवून ऐकवायचं.
बायको म्हणाली, क्षमा नाव छान आहे, आधीच मागून ठेवलेली बरी.
रागावलो नाही. संकल्प.

५ जानेवारी
रागावलो. पण ड्रमरवर, म्हणजे मोजण्यासारखं नाही.

११ जानेवारी
लेखन झपाट्याने. दुसरा भाग संपला. सगळ्यांचे कागद मी स्वतः लिहितो, एकाच पट्टीत. गावच्या शाळेत ड्रिलमास्तरांनी ट्रम्पेट हातात दिला तेव्हा सांगितलं होतं, कागदावर दिसेल तो सूर फुंकायचा, तोंड दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. त्या एका वाक्यावर सर्कशीत वाजवलं, हॉटेलांत वाजवलं, स्वतःचा बँड काढला.
पियानोवर मेव्हणा आहे, बायकोचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांपूर्वी बँडमध्ये पियानो आणि बास नव्याने आले तेव्हा एकदा म्हणाला होता, दाजी, ट्रम्पेटवर तोच सूर पियानोपेक्षा एक सूर खाली वाजतो, तर पियानो आणि बासचे कागद वेगळे लिहायला हवेत. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, देव एक, सूर एक. जरा मोठ्याने सांगितलं असेल. तेव्हापासून तो विषय काढलेला नाही. माणसाला ठामपणे सांगितलं की पटतं.

१८ जानेवारी
चष्मा लागला, जवळचा आणि लांबचा दोन्ही. बायको म्हणत होती, कागद इतका लांब धरता, उद्या शेजाऱ्याला धरायला सांगाल. ती स्वतः पेपर पार गुडघ्यावर ठेवून वाचते, ते तिला चालतं.
चष्मा लावून तालमीच्या खोलीत गेलो. कोळिष्टकं. ड्रमर केस रंगवतो. बासवाला कागदाकडे बघतच नाही, मेव्हण्याच्या डाव्या हाताकडे बघून वाजवतो. बाकीही बरंच काही दिसणार असं वाटतं.

१९ जानेवारी, दुपार
दिसलं.
तालमीत सहज मेव्हण्यामागे उभा राहिलो. कागदावर मी लिहिला आहे सी. सरळ, पांढऱ्या पट्टीचा. मेव्हण्याचं बोट काळ्या पट्टीवर. पुढचा सूर बघितला, तोही नाही. त्याच्या पुढचाही नाही. मी लिहिलेला एकही सूर हा माणूस वाजवत नव्हता! तेही तोंडाने काहीतरी गुणगुणत, उशीवर आरामात बसून. (घरून उशी आणतो. पियानोचं स्टूल टोचतं म्हणे.)
विचारलं, हे काय चाललंय. म्हणाला, दाजी, नीट ऐकू येतंय ना, मग ऐका की, बघताय कशाला. मी म्हणालो, लिहिलंय तेच वाजव. म्हणाला, तेच वाजवलं तर वाजणार नाही.
म्हणजे माझं लिहिणं वाजवण्यालायक नाही. घरातला माणूस, सगळ्यांच्या देखत. मी काढून टाकला. त्याने झाकण हळूच लावलं, उशी काखेत मारली. दारातून म्हणाला, दाजी, तुमच्या रचनेत राग एकच आहे, आणि तो तुमचा आहे.
सगळे हसले. ड्रमर सर्वांत जास्त.

२० जानेवारी
बायको बोलत नाही असं नाही. भांड्यांमार्फत बोलते.
देवापुढे बसलो. मन शांत होईना. कृतघ्न माणसांच्या नावांची उजळणी होत राहिली, तेच नामस्मरण.

२८ जानेवारी
नवा पियानिस्ट मिळाला. संगीताचा डिप्लोमा आहे, सगळे त्याला डिप्लोमाच म्हणतात. नम्र, इस्त्रीचा शर्ट. पहिली अट सांगितली, लिहिलंय तेच वाजवायचं. म्हणाला, सर, मला दुसरं येतच नाही. किती दिवसांनी असं बोलणारा माणूस भेटला.

३१ जानेवारी
पहिली तालीम. भयंकर. मांजरांच्या भांडणात बँड सापडल्यासारखं. मी डिप्लोमाच्या मागे उभा राहून बोट न् बोट तपासलं. सगळं लिहिल्याप्रमाणे. बासवाला त्याच्या डाव्या हाताकडे बघतो, म्हणजे तोही लिहिल्याप्रमाणे. याचा अर्थ एकच, पियानो बिघडला आहे. मेव्हण्याने जाताना काहीतरी केलं असणार.

४ फेब्रुवारी
पियानोची तार लावणारा आला. तास-दीड तास कान लावून बसला. म्हणाला, पियानो ठणठणीत आहे. मी म्हणालो, ठणठणीत असला तरी एक सूर वर आहे, सगळाच्या सगळा एक सूर खाली उतरवा. त्याने माझ्याकडे, मग हत्यारांच्या पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मास्तर, एवढ्या तारा उतरवण्यापेक्षा एक कागद बदला ना.
हाकलला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं हे कोणी लक्षात घेत नाही.

९ फेब्रुवारी
डिप्लोमाने भीतभीत विचारलं, सर, ट्रम्पेटचे आणि पियानोचे कागद एकाच पट्टीत आहेत, ते मुद्दाम का? मी म्हणालो, देव एक, सूर एक. त्याने कागद नीट रचले. मग म्हणाला, असले धाडसी सूर आम्हाला शेवटच्या वर्षाला होते, फार थोड्यांना कळायचे.
धाडसी.
घरी येताना सारखा तोच शब्द. रचना बिघडलेली नाहीच, ती पुढे गेली आहे. मलाच ओळखू येईना इतकी. तालमीत सॅक्सोफोनवाल्याने मेव्हण्याला परत बोलवायचं सुचवलं होतं, त्याला घरून फोन करून म्हणालो, तुझे कान जुने झालेत.
तो म्हणाला, मास्तर, कान जुनेच बरे, निदान सवयीचे आहेत.

२ मार्च
तालीम. कानात कापूस घालून ऐकलं. बरीच आधुनिक वाटते.

१४ मार्च, कार्यक्रमाची सकाळ
देवापुढे बसलो. फक्त यश मागितलं. रागाचं मागायची गरज वाटली नाही, आठवडाभर मी शांत आहे. नवा सूट कमरेत आवळतो. शिंप्याला बघून घेईन.

१५ मार्च
जे घडलं ते लिहितो. माझी चूक कुठे आहे ते शोधायला लिहितो, सापडेल असं वाटत नाही.
सभागृह भरलं होतं. पहिला भाग सुरू झाला. मी फुंकला तो सूर एका बाजूला, पियानो दुसऱ्या बाजूला, मध्ये बासवाला घाम पुसत. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भक्तीने. मग खांदे हलताना दिसले. मागून कोणीतरी ओरडलं, आधी जुळवून तरी घ्या! मी आणखी जोरात फुंकलं. ओठ फुटला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला खाली वाकून ट्रम्पेटमध्ये शिरावंसं वाटलं.
पहिला भाग संपला. एकही टाळी नाही. तेवढ्यात चौथ्या रांगेतून मेव्हणा उठला. शेजारी माझी बायको. तिने त्याला कोपराने ढकललं, हे मी चष्म्यातून स्वच्छ बघितलं. तो मंचावर आला. काखेत उशी! म्हणजे घरूनच घेऊन आला होता. डिप्लोमा आगीतून सुटल्यासारखा उठला. मेव्हण्याने उशी ठेवली, कागद उघडला, हात ठेवले. काळ्या पट्टीवर. मी बघितलं आणि तोंड उघडलं, पण तोंडाला ट्रम्पेट होता.
आणि दुसरा भाग वाजला. जसा मला लिहिताना ऐकू आला होता तसाच. अगदी तसाच. तिसरा, चौथा. शेवटी लोक उभे राहिले. मी वाकून नमस्कार केला. वाकलो ते बराच वेळ वर आलो नाही. चष्मा ओला झाला होता. घामाने.

१७ मार्च
वर्तमानपत्रात आलं. बायकोने माझा चष्मा लावून मोठ्याने वाचलं, आणि फार सावकाश. समीक्षक लिहितो, पहिला भाग अपूर्व. सूर एकमेकांशी वैर धरून होते, क्षमेच्या आधीचा खरा संताप इतक्या निर्भयपणे कोणी मांडला नव्हता. पुढे मात्र एक गृहस्थ उशी घेऊन आले आणि सगळं नेहमीच्या गोड नाचगाण्यावर घसरलं.
म्हणजे मला ऐकू आलं होतं तसं वाजलं ते घसरलं. आणि वाजायला नको होतं ते अपूर्व.
दुपारी रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचा फोन. पहिल्यासारखे आणखी तीन भाग लिहून द्या, बाकीचे नकोत.

२० मार्च
सकाळपासून बसलो आहे. तसं एक ओळही येत नाही. मुद्दाम चुकायला कोणी शिकवलंच नाही. जे सुचतं ते गोड सुचतं. कागद फाडले. बायको म्हणाली, नाही जमत तर राहू द्या की, आमच्या भावाला विचारा, तो तुमचं पंधरा वर्षं दुरुस्त करतोय, बिघडवायलाही मदत करेल.

२१ मार्च, सकाळ
मेव्हण्याकडे गेलो. माफी मागायला नव्हे, चौकशीला. तो दाढी करत होता. विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलास? म्हणाला, दाजी, एकदा बोललो होतो. मग विचार केला, बोटं एक सूर सरकवायला काय लागतं. तुम्हाला सरकवायला फार लागतं.
मी उभाच होतो. त्याने उशीकडे बोट दाखवलं, बसा म्हणाला. बसलो. खरंच मऊ आहे.
रेकॉर्ड कंपनीला नकार कळवला. आमचं गोडच बरं. शनिवारपासून तो येतो आहे. एकच अट आहे त्याची, तालमीला चष्मा लावायचा नाही. रागावणार होतो. पण तोंडावर साबण असलेल्या माणसावर नीट रागावता येत नाही.
चष्मा बायकोला दिला. तिला अगदी तोच नंबर लागतो म्हणे. आता पेपर नाकासमोर धरून वाचते आहे.
पुढचं मला वही लांब धरूनही दिसत नाही.