डोलकाठीचं बूड

दादा,

आपल्या कॅटमरानच्या, त्या जोडहोडीच्या, डोलकाठीची खालची बैठक मी दुरुस्त केली आहे. तू घोरत होतास, म्हणून उठवलं नाही.

तुझ्या त्या दाढीवाल्या मित्राने गेल्या मोसमात बैठकीला सरळ स्टीलचे स्क्रू पिळले होते. “काय सफाईदार हात आहे त्याचा!” असं काल जेवताना आईला सांगत होतास, माझ्याकडे बघत. त्या स्टीलने खाऱ्या पाण्यात डोलकाठीचं ॲल्युमिनियम पार खाल्लंय. भोकं मोठी झाली आणि बैठक पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी घालायची, हे बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. तू विसरलास, की त्याच्यापुढे बोलायची चोरी?

मी पट्टी घालून जाडे रिव्हेट मारलेत. त्याचे गंजके स्क्रू तुझ्या कपात ठेवलेत. आधी बघ, मग चहा ओत.

बोट म्हातारी झाली, तिला आता दोघांचंच, म्हणजे तुझं आणि त्याचं, वजन झेपतं, असं तू मला समजावलंस. बरं. पण डोलकाठी उभी करताना एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने बूड पायाने दाबून धरायचं असतं. लहानपणापासून तो पाय माझा आहे.

बूड बैठकीत अडकवायची खीळ माझ्या खिशात आहे आणि मी किनाऱ्यावर आहे. त्यालाही खुशाल आण. आपण दोघं पाण्यात गेलो की तो त्या सफाईदार हातांनी वाळूत बसून टाळ्या वाजवेल.

धाकटी