दिव्यांचं दुकान, नवऱ्याच्या नावावर

६ फेब्रुवारी
पुन्हा एक टेबललॅम्प परत आला. लाकडी पाय शाबूत, काच फुटलेली. रिफंडचं कारण — 'खराब माल'. खराब! माल नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेला आहे, जायच्या आधी. खराब आहे ते माझं पॅकिंग.
पैसे परत केले. निरोपात लिहिलं — 'तसदीबद्दल माफ करा, पैसे लगेच पाठवतो.' पाठवतो! ऑनलाइन विक्रीचं खातं त्याच्या नावावर, म्हणून तिथे मी पुरुषासारखी बोलते. आता सवयही झाली, त्याचंच वाईट वाटतं.

७ फेब्रुवारी
दोन ऑर्डर रद्द. उशीर झाला म्हणून. एकाने लिहिलंय, "दादा, तुम्ही पूर्वी असे नव्हतात."
काय सांगू याला?

१० फेब्रुवारी
नणंद येऊन गेली. "वहिनी, गेलेल्या माणसाच्या नावावर किती दिवस धंदा करणार? त्या ऑनलाइन कंपनीला कळवून टाक आणि तुझ्या नावाने नवं खातं काढ."
बोलायला काय जातं! नव्या खात्याला ना ओळख, ना रिव्ह्यू. माझे दिवे शेवटच्या पानावर, तिथवर कोण कशाला येतंय? त्याने वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं जपली, तेव्हा कुठे नाव झालं. मागची खोली अजून दिव्यांनी भरली आहे. घरभाडं आणि मुलीची फी त्यातूनच निघायची आहे. ते विकले जाईपर्यंत तरी खातं टिकायला हवं.
आणि त्याचं नाव काढायला माझा हात धजत नाही. हे नणंदेला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी
सासूबाई आपणहून खोकं बांधायला बसल्या. "अगं, तो कागद चुरगाळून कोपऱ्यात कोंबायचा. असा नुसता गुंडाळायचा नाही." दोघी जमिनीवर बसून कागद चुरगाळत होतो. मध्येच त्यांचे हात थांबले. मी उठून चहा ठेवला.

१५ फेब्रुवारी
कंपनीचा इशारा. परत येणारा माल आणि रद्द ऑर्डर फार झाल्या. आणखी एक तक्रार आली, की खातं बंद.

१७ फेब्रुवारी
एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा दिवा फुटला. तक्रार करण्याआधी त्यांनी निरोप पाठवला. "दादा, रिफंड हवा आहे. पण तब्येत बरी आहे ना? हे खोकं तुम्ही बांधलेलं दिसत नाही."
माझा धीरच सुटला. लिहून टाकलं — मी त्यांची बायको. ते डिसेंबरात गेले. खोकी आता मी बांधते. पैसे आजच पाठवते.
किती दिवसांनी मोकळं वाटलं.

१८ फेब्रुवारी
बाईंचं उत्तर — "पैसे नकोत. मी इथे नवी काच बसवून घेते. तुम्ही स्वतःला सांभाळा."
ना ओळख ना पाळख, तरी मन भरून आलं. तक्रारही टळली.

१९ फेब्रुवारी
खातं बंद.
बाईंनी काही केलं नसणार. तिथले निरोप कंपनी वाचते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. राहिलेल्या सगळ्या ऑर्डर आपोआप रद्द झाल्या. मागच्या खोलीत पाऊल टाकवत नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी
कंपनीचं पत्र. त्याच्याच नावाने. 'प्रिय विक्रेते, आपल्या निधनाबद्दल आम्हाला खेद आहे. याबाबत आपली काही हरकत असल्यास आपण स्वतः कळवावे.'
खाली उत्तराला चौकट होती. लिहिलं — हरकत आहे.